दुसरा एलिझे

मृतांच्या दिवशी आमच्या गावच्या शेतघरांच्या तिसऱ्या रांगेत कुणी नांगर धरत नाही. धरला तर नांगरलेल्या तासातून रक्त येतं म्हणतात. खरंखोटं पाहायला आजवर कुणी गेलेलं नाही, आणि गेलाच असेल कुणी तर त्यानं परत येऊन सांगितलेलं नाही. त्यामुळे दोन नोव्हेंबरला रांगेतला झाडून सगळा पुरुषवर्ग घरात असतो आणि बायकांच्या पायात पायात येतो.

एकोणीसशे एकतीस सालच्या त्या दिवशी बुत्यांच्या घरी तर दुहेरी घाई होती. एकीकडे मृतांसाठी तासातासाला टोले देणारी घंटा, दुसरीकडे सून झेलियाचं तीन दिवसांचं बाळ. बाप्तिस्मा तिसऱ्या दिवसाच्या पुढे गेला तर फादर प्रवचनात नाव घेऊन बोलतात आणि सगळं चर्च माना वळवून बघतं. म्हणून आजच जायचं होतं, दुपारी तीनला.

तिच्या सासूनं, डेलिमानं, सकाळपासून चूल सोडली नव्हती. मांस भरलेल्या पाईची दोन ताटं भट्टीत होती, वाटाण्याचं सूप मागच्या विस्तवावर रटरटत होतं. तिचा नवरा, म्हातारा एलिझे, धाकट्या मुलांना घेऊन ऑक्टोबरातच लाकूडतोडीला जंगलात गेला होता. घरात होता तो थोरला मुलगा, तोही एलिझेच. बाळाचा बाप. त्याला तिनं घोडं जुंपायच्या निमित्तानं बाहेर पिटाळलं होतं.

नझेर मोर्नो, झेलियाचे वडील, ओल्या गोणत्यात सहा वाम मासे घेऊन आले.

"या व्याही. पाय पुसा."

"पुसले."

"परत पुसा. नदीचा अख्खा चिखल घेऊन आलात. आणि ते वळवळणारं काय आहे ते पडवीत ठेवा."

"वाम आहेत. आज पहाटेच्या ओहोटीला सापडले."

"आज? मृतांच्या दिवशी मासे धरलेत?"

"धरले नाहीत हो, तेच आले. वामांना कुठं कॅलेंडर असतं!" नझेर हसले. डेलिमा हसली नाही. तिनं त्यांच्यापुढे कुटूच्या पिठाचा घावन ठेवला, वर मेपलचा पाक ओतला आणि मीठ मागावं तसं विचारलं, "धर्मपिता तुम्ही. नाव काय सांगणार फादरना?"

"जोसेफ ओनेझिम. ओनेझिम म्हणजे झेलियाच्या आईचे आजोबा."

"जोसेफ सगळ्याच पोरांना लागतो हो. मी त्याच्यामागचं म्हणते. ओनेझिम नको. एलिझे ठेवायचं."

नझेर यांचा काटा थांबला. "एलिझे गेला की, व्याहीण, झेलियाचा पहिला. गेल्या साली मार्चमध्ये."

"म्हणून तर."

मेलेल्या पोराचं नाव पुढच्याला देणं ही आमच्याकडे काही नवलाई नाही. चांगला कोट थोरल्याचा धाकट्याला होतो, तसंच नावाचं. कुणाच्याही घरी जा, एक तरी पोर दुसऱ्याच्या नावावर वाढलेलं सापडेल. त्यामुळे नझेरना व्याहिणीचा हा हट्ट तेवढाच वाटला. लेकीला शब्द दिलाय, असं ते म्हणाले.

"वन्सं," डेलिमा टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडे वळली, "तुमचा तो कागद उघडा. व्याह्यांना बघू दे."

टेबलाच्या त्या टोकाला लेओंतीन बसली होती. डेलिमाची नणंद. बत्तीस वर्षं शाळा शिकवली, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर दुसरा उद्योग नव्हता म्हणून घराण्याची वंशावळ लिहायला घेतली. दोन वर्षं ती चर्चच्या मागच्या खोलीत जुनी पुस्तकं उतरून घेत होती. भिंतीला लावून उरलेल्या कागदाच्या पाठीवर तिनं सगळा वंश मांडला होता. दुसऱ्या बाजूला निळी फुलं होती.

"अजून पुरा नाही झालेला," लेओंतीन म्हणाली.

"मेलेले कुठं पळून जातायत? उघडा."

कागद उघडला. वरच्या टोकाला पिएर बुते, उर्फ लेपीन. फ्रान्सहून आलेला शिपाई. शिपायांना पलटणीत उर्फ मिळायचं आणि ते पुढं पोराबाळांना चिकटायचं. नंतरच्यांत कुणी बुते लिहिलं, कुणी लेपीन, कुणी दोन्ही. ज्या दिवशी फादरना जसा उत्साह असेल तसं. लेओंतीनचं बोट खाली सरकत गेलं. वाचताना तिचा आवाज शाळेतला झाला.

"पहिला एलिझे. जन्म ऑक्टोबर सतराशे एक्केचाळीस, दफन फेब्रुवारी बेचाळीस. दुसरा एलिझे. जन्म त्रेचाळीस, दफन अठराशे वीस."

"पुढं."

"सतराशे एकाहत्तर. पहिला, पाच महिने. दुसरा, एक्क्याऐंशी वर्षं."

"पुढं वाचा, वन्सं."

तिनं वाचलं. सहा पिढ्यांत सहा पुऱ्या जोड्या, सहा पहिले आणि सहा दुसरे. पहिल्यांपैकी एकानंही एक हिवाळा पुरा काढला नव्हता. दुसऱ्यांपैकी एकही म्हातारा झाल्याशिवाय मेला नव्हता. सहाव्या जोडीतला दुसरा बाहेर घोडं जुंपत होता. पाचवीतला दुसरा एकोणसाठाव्या वर्षी जंगलात झाडं पाडत होता आणि त्याला साधं पडसंही होत नव्हतं.

"तेव्हा पोरं मरतच होती," लेओंतीन घाईनं म्हणाली. "प्रत्येक घरात मरायची."

"बाकीच्या नावांचं बघा ना. त्यातली कधी जगली, कधी गेली. एलिझेंचंच कसं चुकत नाही?"

नझेरनी एका जागी बोट ठेवलं. "इथं मधे मोकळं आहे. अठराशे दोनला पहिला गेला, पण त्याच्या शेजारी दुसरा नाही."

"तिथं शोधतेय अजून," लेओंतीन म्हणाली आणि कागद गुंडाळायला लागली. हे खोटं होतं. तिला तो गेल्या गुरुवारीच सापडला होता.

नझेरनी काटा खाली ठेवला. मार्चमध्ये त्यांनीच ती लहानशी पेटी काखेत धरून नेली होती. जमीन गोठलेली, म्हणून थंडीत मेलेल्या सगळ्यांना कबरस्तानाच्या कोपऱ्यातल्या दगडी खोलीत ठेवतात, तिथं ठेवली. मे महिन्यात कुदळ लागेपर्यंत नातू तिथं इतरांबरोबर वाट बघत पडला होता. आणि झेलिया दर रविवारी त्या खोलीच्या दाराला कान लावून उभी राहायची. तिला तिथून ओढून घरी आणायचं कामही नझेरचंच. पुन्हा ते करायची त्यांची तयारी नव्हती.

"एलिझे तर एलिझे," ते म्हणाले. "मला नातू जिवंत पाहिजे."

डेलिमानं त्यांच्या ताटात आणखी एक घावन वाढला.

*

झेलियाची खोली स्वयंपाकघराला लागूनच होती. बाळंतीण पहिले काही आठवडे चर्चची पायरी चढत नाही. बाप्तिस्म्याला बाळ जातं, बाप जातो, धर्मपिता, धर्ममाता, बाळ धरणारी जाते. आई घरी पलंगावर. नाव तिकडे ठरतं आणि परत आल्यावर तिला सांगतात. झेलियाची आई हयात नव्हती, म्हणून धर्ममातेचा मान डेलिमानं घेतला होता. झेलियाची सगळी भिस्त वडिलांवर होती.

ते आत आले आणि पलंगाच्या कठड्याला धरून उभे राहिले. तोंड बघूनच तिला कळलं.

"बाबा, तुम्ही कबूल केलं होतंत."

"केलं होतं, पोरी. तेव्हा मला माहीत नव्हतं."

"काय माहीत नव्हतं?"

त्यांनी सांगितलं. वामांचं सांगावं तसं, मोजक्या शब्दांत, खिडकीकडे बघत. झेलिया ऐकत होती. बाळ तिच्या कुशीत झोपलेलं होतं. सांगून झाल्यावर तिनं बाळाला आणखी जवळ ओढलं. मग म्हणाली, "पहिल्याची धर्ममाता कोण होती, बाबा?"

"डेलिमाच. पहिल्या मुलाला बापाकडचे आजी-आजोबा, हा रिवाजच आहे."

"मग नाव त्यांनीच ठेवलं. पहिला जातो हे त्यांना ठाऊक होतं का, एवढं विचारा त्यांना."

नझेरच्या डोक्यात हे आलं नव्हतं. ते दाराकडे वळले, तर डेलिमा दारातच उभी होती, हातात पिठाचं फडकं.

"मलाच विचार ना," ती म्हणाली. "व्याही, तुम्ही जा, घोडं जुंपलं का बघा."

नझेर गेले. डेलिमानं दार लोटलं.

"ठाऊक होतं?" झेलियानं विचारलं.

"होतं. कागद नव्हता, वन्संनी लिहायच्या आधीही आम्हा बायकांना ठाऊकच होतं. मला माझ्या सासूनं सांगितलं. याच पलंगावर, दुसरा झाल्यावर. आधी सांगत नाहीत."

"आणि तुम्ही मला टोपी विणून दिलीत. त्याच्यासाठी."

"दिली. थंडी वाजू नये त्याला, जितके दिवस आहे तितके. पहिला आपला नसतो गं. पहिला नावाचा असतो."

"सहा महिने माझ्या अंगावर प्यायला तो!"

"माझा चार महिने." डेलिमाचा आवाज चढला नाही, हेच झेलियाला सहन होईना. "तुला वाटतं मी दगडाची आहे? मीही सासूला शिव्या दिल्या. तोंडावर थुंकलेसुद्धा, विचार वन्संना. मग माझा दुसरा वाढला. सगळी रांग देवीच्या साथीनं झोपली, तो खेळत होता. तेव्हा गप्प झाले."

"मग पहिल्यालाच ते नाव द्यायचं नव्हतं! कुणालाच द्यायचं नव्हतं!"

"आणि सगळेच गेले असते तर? करून बघायची हिंमत आहे तुझ्यात?" तिनं पुढे येऊन बाळाच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं. "पहिल्याचं मोल तू देऊन बसलीस. आता हातात आलेलं टाकू नकोस. आज माझा राग येतोय, येऊ दे. उद्या याच्या बायकोच्या उशाशी तू बसशील."

ती फडकं झटकून गेली. झेलियाला त्या शेवटच्या वाक्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटली.

*

एलिझे तबेल्यात होता. घोड्याचा पट्टा त्यानं तिसऱ्यांदा सोडून पुन्हा बांधला होता. आत काय चाललंय याची त्याला कल्पना होती आणि आत जायची त्याची इच्छा नव्हती. पण लेओंतीन आत्या येऊन म्हणाली, "झेलिया बोलावतेय," तेव्हा त्याला जावं लागलं.

तो दारातच थांबला.

"तू बाप आहेस," झेलिया म्हणाली. "तू बोल. फादर तुझं ऐकतील."

"मी काय बोलू, झेलिया? मी दुसरा आहे."

"म्हणजे?"

त्याला बोलायची सवय नव्हती. टोपी हातात फिरवत तो म्हणाला, "कबरस्तानात आमच्या ओळीत एक लहान क्रूस आहे. वाचायला शिकलो तेव्हा त्यावरचं पहिलं वाचलं. एलिझे बुते. मी आईला ओरडून म्हटलं, आई, मी तर इथं आहे. तिनं तोंडावर हात ठेवला माझ्या."

"मला हे कधी सांगितलं नाहीस."

"अजून एक सांगितलं नाही. नदीवरचं बर्फ फुटलं त्या साली, मी चौदाचा. दोन घोडी गेली, गाडी गेली, मी खाली गेलो. खाली कुणीतरी माझा हात धरला आणि मला वर कडेला लावलं. हात लहान होता, झेलिया. माझी दोनच बोटं मावली त्यात."

झेलिया त्याच्याकडे बघत राहिली. चार वर्षं या माणसाबरोबर ती झोपत होती.

"मला माझ्या पोराला तो हात पाहिजे," एलिझे म्हणाला. "आपला पहिला याला धरेल."

"आणि पहिल्याला कोण धरेल?"

एलिझेनं हातातली टोपी डोक्यावर चढवली. तो तबेल्यात परत गेला.

*

घराण्यातला पांढरा झगा घेऊन लेओंतीन बाळाला सजवायला आली. बाळ धरण्याचा मान तिचा होता. तिनं गाठी बांधता बांधता, स्वयंपाकघराकडे पाठ करून, हळू आवाजात सांगितलं.

"ती मोकळी जागा. मी तुझ्या वडिलांशी खोटं बोलले. दुसरा सापडलाय मला."

"मेला?"

"ऐक तर. अठराशे तीन. आईचं नाव मारी-ज्युदित पिनेल. बाईचं नाव आपल्याकडे मरेपर्यंत कागदावर माहेरचंच राहतं, म्हणून सापडली. बुते बुते करून शोधत बसले असते तर जन्मात सापडली नसती. पहिला गेल्यावर तिनं दुसऱ्याला ते नाव देऊ दिलं नाही. दोन दिवसांचं पोर घेऊन होडीनं पलीकडच्या तीरावर गेली, परत आलीच नाही. तिथल्या पुस्तकात पोराचं नाव फाब्यँ, आडनाव लेपीन. बुते शब्दच नाही. इथलं घर मग दिराकडं गेलं, आणि त्याच्याकडं पुन्हा पहिला, दुसरा, सुरू झालं."

"फाब्यँ किती जगला?"

"अठ्ठ्याऐंशी वर्षं."

झेलियानं तिचं मनगट धरलं. "मग सांगा की बाहेर! आत्ता सांगा."

"सांगून काय होईल? सहाविरुद्ध एक, असं म्हणतील. आणि खरं विचारशील तर..." लेओंतीन थांबली. आयुष्यभर फळ्यावर खडखडीत उत्तरं लिहिलेली बाई ती. "मलाही कळत नाही गं. मीही भ्याले आहे. उद्या त्याला काही झालं तर मी तुझ्याकडे कुठल्या तोंडानं बघू?"

झेलियानं हात सोडला. बाळाचा झगा गळ्यापाशी सारखा केला.

"आत्या, तुम्ही शाळेत धर्माची प्रश्नोत्तरी शिकवायचात. बाप्तिस्मा दोनदा होतो का?"

"नाही. एकदाच. पाणी पडलं की पडलं."

"आणि फादर नसतील तर?"

"जीव धोक्यात असेल तर कुणीही घालू शकतं. सुईण घालते की कितीदा तरी."

"धोका आहे की नाही हे कोण ठरवतं?"

"जो तिथं असेल तो," लेओंतीन म्हणाली, आणि लोकरी शाल आणायला माडीवर गेली. तिला खरंच काही सुचलं नव्हतं, असं तिनं नंतर आम्हाला शपथेवर सांगितलं. माझा विश्वास आहे. शिकवणाऱ्याला स्वतःचा धडा क्वचितच ऐकू येतो.

पलंगाच्या डोक्याशी भिंतीला चिनी मातीची वाटी होती, पवित्र पाण्याची. झेलियानं कोपरावर उठून बोटं बुडवली. पाणी बर्फासारखं होतं. आपण पोराला वाचवतोय की त्याच्या डोक्यावरचं छप्पर काढतोय, हे तिला कळत नव्हतं. पण एक कळत होतं. ते नाव दिलं तर तीस वर्षांनी या खोलीत ती फडकं हातात घेऊन उभी असेल. तिनं वाटीतलं पाणी तीनदा त्याच्या कपाळावर ओतलं.

"ओनेझिम, मी तुला बाप्तिस्मा देते, पित्याच्या, आणि पुत्राच्या, आणि पवित्र आत्म्याच्या नावानं."

बाळ शिंकलं आणि पुन्हा झोपलं. तिनं बाहीनं त्याचं कपाळ टिपलं.

*

चर्चमध्ये दिवसाही अंधार होता. मृतांच्या दिवशी मधोमध काळ्या कापडाखाली शवपेटीच्या आकाराचा लाकडी सांगाडा मांडतात. आत कुणी नसतं. सगळ्या मृतांसाठी म्हणून असतो. चार बाजूंना मेणबत्त्या. लेओंतीन बाळाला घेऊन त्याच्या शेजारून गेली तेव्हा झग्याची लेस कापडाला अडकली आणि तिला थांबून सोडवावी लागली.

बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी पाच माणसं उभी राहिली. फादर, डेलिमा, नझेर, एलिझे आणि बाळ धरलेली लेओंतीन.

"घरी पाणी घातलंय का कुणी?" फादरनी रीतीप्रमाणे विचारलं.

"छे!" डेलिमा म्हणाली. "ठणठणीत आहे पोर."

"नाव?"

नझेरनी घसा साफ केला. क्षणभर लेओंतीनला वाटलं, ओनेझिम म्हणतील.

"जोसेफ एलिझे."

आणि रडणं सुरू झालं. बारीक, पण चिवट. कमानीखाली ते चांगलंच घुमलं. डेलिमानं दोन्ही हात जोडले आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळलं. नझेर सुटल्यासारखे हसले. "छाती चांगली आहे," फादर म्हणाले आणि लॅटिन पुढे चालू केलं.

लेओंतीननं खाली बघितलं.

बाळ झोपलेलं होतं. ओठ मिटलेले, मुठी सैल. तिच्या दंडावर त्याचा श्वास संथपणे लागत होता. रडणं चालूच होतं. ते कुठून येतंय हे तिला सांगता आलं नसतं. फार जवळून येत होतं, कोपराच्या खालून, एखादं लहान मूल खाली उभं राहून वर हात करत असावं तितक्या उंचीवरून. तिनं मागे, काळ्या कापडाकडे, बघितलं नाही. फादरनी बाळाच्या जिभेवर विधीचं मीठ ठेवलं तरी ते जागं झालं नाही. पाणी ओतलं, आणि ओतता ओतता रडणं थांबलं. कुणीतरी उचलून घेतल्यावर थांबतं, तसं.

मग पुस्तकात लिहिणं झालं. नझेरनी आपलं नाव लिहिलं. लेओंतीननं सही केली. स्वतःच्या नावातलं एक अक्षर तिनं गाळलं, तेव्हा फादरनी विचारलं, "बाई, थंडी वाजते का?"

परतीच्या वाटेवर गाडीत तिनं बाळाचा श्वास बोटानं पुन्हा पुन्हा चाचपला. डेलिमाच बोलत होती. नझेरशी मांसाच्या पाईबद्दल, चेरीच्या दारूबद्दल, आता पुढच्या पोरांची नावं खुशाल मोर्नोंकडची ठेवा म्हणून. इतकी हलकी झालेली डेलिमा गेल्या दीड वर्षात कुणी पाहिली नव्हती.

*

"घे तुझा एलिझे," डेलिमानं बाळ झेलियाच्या मांडीवर ठेवलं. डोक्यावरचा रुमालही तिनं अजून सोडला नव्हता. "काय रडला म्हणून सांगू! इकडे व्याह्यांनी नाव घेतलं आणि इकडे यानं टाहो फोडला. नावाला ओ दिली पठ्ठ्यानं. आता माझा जीव गेला तरी चालेल."

झेलियानं शाल बाजूला केली, बाळाकडे बघितलं. मग सासूकडे.

"हा एलिझे नाही."

"आता पुरे गं. झालं ते झालं."

"हा ओनेझिम आहे. तुम्ही निघायच्या आधी मी पाणी घातलं. तीनदा, नाव घेऊन, नेमानं. आत्यांना विचारा, दुसऱ्यांदा लागत नाही."

डेलिमाच्या चेहऱ्यावरचं सगळं उतरलं. "काय केलंस? अगं बये, काय केलंस हे? उघड्यावर टाकलंस त्याला!" ती लेओंतीनकडे वळली. "वन्सं, हे चालतं? हे खरं धरतात?"

दारात नझेर आणि एलिझे येऊन उभे राहिले होते. लेओंतीन खुर्चीवर बसली. तिचा हातमोजा अजून एकाच हातात होता.

"धरतात," ती म्हणाली. "वहिनी, बाळ रडलं नाही."

"रडलं नाही काय? मी काय बहिरी आहे? सगळ्यांनी ऐकलं."

"मीही ऐकलं. माझ्या हातात होता तो. तोंड मिटलेलं होतं त्याचं. मिठानंसुद्धा जागा झाला नाही."

"तुम्हाला म्हातारपणी..."

"मीही पाहिलं, आई," एलिझे दारातून म्हणाला. "झोपला होता."

बाहेर चारचे टोले सुरू झाले, आणि ते संपेपर्यंत सगळे तसेच होते. डेलिमाचा हात पलंगाचा कठडा शोधत गेला. ती खाली बसली, पलंगाच्या काठावर, जवळजवळ झेलियाच्या पायांवरच. तिच्या अंगातला राग कुठल्या कुठे गेला होता आणि त्याच्याखाली जे होतं ते तीस वर्षांचं जुनं होतं.

"माझा पहिलाही बारीकच रडायचा," ती म्हणाली. कुणाला उद्देशून नव्हे.

झेलियानं पाय आखडून घेतले आणि तिला नीट बसायला जागा केली.

"आत्या," झेलियानं विचारलं, "कसा रडत होता? दुखत असल्यासारखा, की भुकेनं?"

लेओंतीनला पोरबाळ नव्हतं. रडण्यारडण्यातला फरक तिला कुठून कळणार? पण दोघी आया तिच्याकडे बघत होत्या, आणि तिला ते रडणं अजून ऐकू येत होतं.

"भुकेनं," ती म्हणाली.

झेलियाच्या झग्यावर छातीशी दुधाची ओल पसरत गेली. ओनेझिम तिच्या मांडीवर गाढ झोपलेला होता.